ज्याचं त्याला बोलू द्या

दिव्यांगांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तो म्हणतो, "ज्याला बोलताच येत नाही, किंवा ज्याची समजच वेगळी आहे, त्याच्या वतीने आईवडील बोलतात, डॉक्टर बोलतात, संस्था चालवणारी मंडळी बोलतात. मग बिघडलं कुठे? त्याच्या भल्याचंच बोलतात ना?"

भल्याचं बोलतात, हे बहुतेक वेळा खरं असतं. पण दुसऱ्याचं भलं कशात आहे हे ठरवताना माणूस नकळत स्वतःची सोय बघतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी दोन जुन्या गोष्टी पाहू. दोन्हींत वाईट हेतूचा माणूस जवळजवळ नाहीच.

१. बोटाला काय हवं ते कुणाला विचारायचं?

पॅरिसमधल्या अंधशाळेत १८१९ साली लुई ब्रेल नावाचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. शाळेत पुस्तकं होती, पण मोजकी आणि अवजड. डोळस माणसं वाचतात तीच रोमन अक्षरं जाड कागदावर उठावदार छापलेली असत आणि मुलांनी त्यांवरून बोटं फिरवायची. शिक्षकांना ही पद्धत बरी वाटे, कारण ते पुस्तक त्यांनाही वाचता येई. मुलांना मात्र एकेका अक्षराची वळणं चाचपत बसावं लागे. आणि लिहायचं म्हटलं तर त्या पद्धतीत अंध मुलाला काहीच करता येत नसे.

त्याच सुमारास शार्ल बार्बिए या फ्रेंच माणसाने उठावाच्या ठिपक्यांची एक लिपी शाळेला दाखवली. त्यात एकेका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत. लुईला कल्पना पटली, पण अडचणही कळली. बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नाहीत. बोट वरखाली हलवावं लागतं, आणि तेवढ्यात वाक्याचा धागा सुटतो. त्याने ठिपके सहावर आणले. १८२४ मध्ये ही लिपी जवळपास तयार झाली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

बारा ठिपके जास्त होतात हे डोळस माणसाला कागदाकडे बघून कळणं कठीण. त्याच्या डोळ्याला बारा काय आणि सहा काय, सारखेच. ते कळायला त्या बोटाचा मालक असावं लागतं. पुढची हकीकत तर आणखी बोलकी आहे. मुलांनी ही लिपी उचलली, पण १८४० च्या दशकात शाळेच्या संचालकांनीच काही काळ तिला मनाई केली. मुलं ती चोरून वापरत राहिली. ब्रेल १८५२ मध्ये वारला आणि फ्रान्समध्ये ती लिपी अधिकृत झाली १८५४ मध्ये. आपल्याकडे भारतीय भाषांसाठीची 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये ठरली आणि मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक 'स्पर्शज्ञान' मुंबईहून २००८ मध्ये सुरू झालं.

दुसरी गोष्ट इटलीतल्या मिलान शहरातली. १८८० साली तिथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला एखाद-दुसराच. हाताच्या खुणांपेक्षा तोंडी भाषा श्रेष्ठ, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर देशोदेशींच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. खुणा केल्या म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागली. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुंबईत १८८० च्या दशकात निघालेली कर्णबधिरांची शाळा देशातली पहिली मानली जाते. तिच्यानंतर ज्या शाळा निघाल्या, त्यांतही बहुतेक ठिकाणी ओठ वाचणं आणि तोंडाने बोलणं यांवरच सगळा भर राहिला. या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या मालिकेतल्या व्हँकुव्हर इथल्या अधिवेशनाने खेद व्यक्त केला, तो २०१० मध्ये. म्हणजे १३० वर्षांनी.

कर्णबधिरांचा प्रश्न, आणि सभागृहात कर्णबधिर जवळजवळ नाहीत. आज हे वाचताना हसू येतं. पण आपल्या तालुक्यातली दिव्यांगांसाठीची एखादी समिती आठवून पाहा, म्हणजे हसू आवरेल.

२. बोलणं वेगळं, भाषा वेगळी

मिलानच्या मंडळींची चूक नेमकी काय होती? त्यांनी बोलणं आणि भाषा या दोन गोष्टी एकच धरल्या. बोलणं म्हणजे घसा, जीभ, ओठ यांनी आवाज काढणं. भाषा म्हणजे शब्द आणि ते जोडण्याचे नियम, आणि तिचं घर मेंदूत आहे. ती बाहेर पडायला तोंड हा एक रस्ता झाला. हात हा दुसरा.

अमेरिकेत विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने १९६० मध्ये तिथल्या सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली. हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल हे घटक बदलले की अर्थ बदलतो, जसा आपल्याकडे 'क'चा 'ख' झाला की शब्द बदलतो. भारतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभ्यासकाने दोन सहकाऱ्यांबरोबर दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा तपासल्या. शब्दांत फरक सापडले, व्याकरण मात्र सारखंच निघालं.

हे व्याकरण मराठीचं नाही, हिंदीचंही नाही. "तुझं नाव काय आहे?" हे भारतीय सांकेतिक भाषेत विचारायचं तर क्रम साधारण असा लागतो: तू, नाव, काय. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो आणि भुवया व चेहरा मिळून तो प्रश्न आहे हे सांगतात. 'आहे'ला जागाच नाही. कर्णबधिर मुलाच्या वहीतलं मराठी वाकडंतिकडं दिसलं, की शिक्षक त्याला मंद समजतात. खरं म्हणजे ते मूल आपल्या दुसऱ्या भाषेत, आणि तीही कधी कानांनी न ऐकलेल्या भाषेत, लिहीत असतं. आपल्यापैकी कितीजण न ऐकलेल्या भाषेत दोन ओळी लिहू शकतील?

दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याने तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात माध्यमिक पातळीवर हा विषयही घेता येतो.

खुणांची ताकद कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिव्यांग आंदोलकांनी एक सरकारी इमारत अडवून धरली होती. अधिकाऱ्यांनी फोन तोडले. आत कोंडलेल्यांतल्या कर्णबधिरांनी खिडकीत उभं राहून बाहेरच्यांशी खुणांनी बोलणं चालू ठेवलं.

३. 'पाणी' म्हणायला किती वेळ लागतो?

आता आणखी अवघड परिस्थिती घेऊ. तोंडही चालत नाही आणि हातही चालत नाहीत. मग?

ज्याँ-डोमिनिक बोबी हा फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध नियतकालिकाचा संपादक. डिसेंबर १९९५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर त्याच्या ताब्यात उरली फक्त डाव्या डोळ्याची पापणी. समोरच्या व्यक्तीने अक्षरं म्हणत जायची आणि हवं ते अक्षर आलं की त्याने पापणी मिटायची. अशा रीतीने त्याने एक अख्खं पुस्तक सांगितलं. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि काही दिवसांतच तो गेला.

यातली युक्ती अक्षरांच्या क्रमात आहे. बोबीची अक्षरं ए, बी, सी, डी अशी लावलेली नव्हती. फ्रेंचमध्ये जी जास्त वापरात असतात ती आधी ठेवली होती. मराठीत हे कसं करता येईल? आपली वर्णमाला तर या कामासाठी आयती तयार आहे, कारण ती मुळातच वर्गांत मांडलेली आहे.

समजा रुग्णाला 'पाणी' म्हणायचं आहे. त्यासाठी प, आ, ण, ई असे चार तुकडे सांगायला हवेत. मदतनीस 'क'पासून ओळीने म्हणत गेला, तर 'प' येतो एकविसावा. मग स्वर म्हणायला घ्यायचे, 'आ' दुसरा. पुन्हा 'क'पासून सुरुवात केली तर 'ण' पंधरावा. पुन्हा स्वर, 'ई' चौथा. एकूण ४२ वेळा तोंड उघडावं लागलं.

आता वर्ग वापरू. मदतनीस आधी फक्त वर्ग विचारतो: क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग. पाचव्याला पापणी मिटली. मग त्या वर्गातली अक्षरं, पहिलंच 'प'. सहा पायऱ्यांत काम झालं. 'आ'साठी दोन. 'ण'साठी तिसरा वर्ग आणि त्यातलं पाचवं अक्षर, म्हणजे आठ. 'ई'साठी चार. एकूण २०. काम निम्म्याहून कमी झालं, आणि खर्च म्हणाल तर एक कागद आणि एक पेन. पक्षाघाताने वाचा गेलेल्या, पण भाषा शाबूत असलेल्या माणसाच्या खाटेजवळ असा तक्ता टांगायला डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते असतात. एका चित्रावर बोट ठेवलं की एक शब्द होतो. आज हे मोबाइलवर आलं आहे. चित्र दाबलं की फोन तो शब्द मोठ्याने उच्चारतो. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' ही आपल्याकडची उदाहरणं. तक्ता दिला तर मूल बोलायचा आळस करेल, अशी भीती आजीआजोबांना हमखास वाटते. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं तोंडी बोलणं थोडं वाढतं.

मात्र चित्रांच्या तक्त्यात एक फट राहते. त्यावर कोणते शब्द असावेत हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा मोठी माणसं. मग तक्त्यावर येतात भूक, तहान, शी, झोप. म्हणजे सांभाळणाऱ्याला ज्यांची उत्तरं हवी असतात तेवढेच शब्द. 'नको', 'थांब', 'मला राग आलाय', 'तू चुकतोयस', 'हा विनोद होता' हे शब्द तक्त्यावर नसतील, तर ते मूल मागणी करू शकेल पण मत देऊ शकणार नाही. तक्ता बघायला मिळाला, तर त्यावर 'नको' आहे का हे आधी बघावं.

उरला वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपण साधारण मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द बोलतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. सुरुवातीला समोरचा माणूस तक्त्यावर अक्षर दाखवी आणि ते भुवई उचलून होकार देत. नंतर संगणक मिळाला तेव्हा वेग होता मिनिटाला १५ शब्द. आजाराने स्नायू थकत गेले, तसा अखेरच्या वर्षांत तो मिनिटाला एका शब्दाच्या आसपास आला. तरी जग त्यांच्यासाठी थांबलं, कारण ते हॉकिंग होते.

आपल्या सोसायटीच्या सभेत काय होतं? प्रत्येकाला तीन मिनिटं. मिनिटाला दहा शब्द टंकणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यात येतात तीस शब्द, शेजारच्याला चारशे. नियम सगळ्यांना सारखा, आणि माणूस मात्र गप्पच बसला. यावर उपाय साधे आहेत. विषय आधी कळवायचा, म्हणजे तो उत्तर घरून तयार करून आणेल. वेळ मिनिटांत न मोजता मुद्द्यांत मोजायचा. आणि त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तोतरं बोलणाऱ्यालाही नेमका याच मदतीचा फार त्रास होतो.

४. हा आवाज नक्की कुणाचा?

इथे एक खड्डा आहे आणि तो न दाखवता पुढे गेलो तर लबाडी होईल.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत फार गाजली. ऑटिझम असलेल्या, न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मदतनिसाने धरायचं आणि मुलाने कळफलकावर टंकायचं. ज्यांनी कधी एक शब्द उच्चारला नव्हता, ती मुलं कविता लिहू लागली, आईवडिलांवर प्रेम असल्याचं सांगू लागली. घरोघरी आनंदाश्रू. मग शंका आली आणि सोपी चाचणी झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात १२ जण होते. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि मदतनिसाला दुसरं. समजा एकाला किल्ली, दुसऱ्याला कप. दोघांना एकमेकांचं चित्र दिसत नाही. आता कळफलकावर काय उमटतं ते बघायचं. दोघांची चित्रं वेगळी असताना मुलाच्या चित्राचं नाव एकदाही आलं नाही. आलं ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं.

मदतनीस खोटारडे नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की हात मूल हलवतंय. प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवणाऱ्यालाही असंच वाटतं. आपल्या अपेक्षेनुसार आपले स्नायू नकळत हलतात. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट केलं. मदतनिसाने हवेत अक्षरांचा तक्ता धरायचा आणि मुलाने बोट दाखवायचं, अशी जी पुढची आवृत्ती निघाली तिच्याविरुद्धही इशारा दिला.

म्हणून मुलाला बोलकं करून देण्याचा दावा घेऊन कुणी आलं तर आधी पैसे मोजू नयेत, चाचणी करावी. मदतनिसाला खोलीबाहेर पाठवा, मुलाला एखादी वस्तू दाखवा, मदतनिसाला आत बोलवा आणि काय दाखवलं ते विचारा. यात मुलाचा अपमान नाही. दुसऱ्याचे शब्द त्याच्या नावावर खपवणं हाच अपमान. बोबीचा हात कुणी धरलेला नव्हता, पापणी त्याची स्वतःची होती. अखेरच्या वर्षांत हॉकिंग गालाच्या ज्या स्नायूने संगणक चालवत, तोही त्यांचाच.

५. कळत नाही ते दोघांनाही

ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये केलं. पुढची काही दशकं या मुलांविषयी मुलांखेरीज सगळे बोलले. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा सिद्धांत ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने घरोघर पोचवला. कितीतरी आयांनी हा ठपका निमूट सोसला. तो खोडून काढण्यात आईवडीलच पुढे होते आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

१९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांपुढेच एक वेगळा मुद्दा मांडला. त्याचा आशय असा: तुम्ही शोक करता तो तुमच्या मनात होतं पण जन्मालाच आलं नाही अशा मुलाचा. जे आलं आहे ते समोर उभं आहे, त्याच्यासाठी रडू नका. नव्वदच्या दशकातल्या अशा चर्चांतून न्यूरोडायव्हर्सिटीची कल्पना आकाराला आली आणि ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या प्रबंधात ती मांडली. माणसांच्या मेंदूंची घडण एकसारखी नसते. ऑटिझम, अतिचंचलता, डिस्लेक्सिया हे त्या विविधतेतलेच प्रकार आहेत, असा तिचा गाभा.

पण ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, त्याचं काय? ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न उलटा केला. त्याला तुमचं मन कळत नाही हे खरं, पण तुम्हाला तरी त्याचं कुठे कळतं? मालवणचा माणूस आणि अकोल्याचा माणूस पहिल्यांदा गप्पा मारायला बसले तर दोघेही अडखळतील, पण त्यातल्या एकालाच भाषा येत नाही असं आपण म्हणणार नाही.

हे तपासायला कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींचा खेळ मांडला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि पहिल्याने ऐकलेली गोष्ट शेवटच्यापर्यंत किती टिकते ते मोजलं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली, जेवढी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. त्याच गटाने नंतर अधिक माणसं घेऊन प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही. म्हणजे मिश्र साखळीबद्दल शेवटचा निकाल लागायचा आहे. पण ऑटिस्टिक माणूस माहिती पोचवण्यात कमी पडतो, हे दोन्ही वेळा दिसलं नाही.

६. मग आईवडिलांनी गप्प बसायचं?

नाही. जिचा पंचवीस वर्षांचा मुलगा एकटा आंघोळ करू शकत नाही, ती आई विचारते, "भाषणं देणारे हे ऑटिस्टिक लोक माझ्या मुलाच्या वतीने कसे बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मला यावर एकच उत्तर पटतं. आईने आई म्हणून बोलावं. तिची झोप, तिचे पैसे, तिच्यानंतर काय ही तिची काळजी, हे सगळं तिचंच आहे आणि समाजाने ते ऐकलंच पाहिजे. मुलाला काय हवं हे सांगताना मात्र तिने मुलाकडे पाहून सांगावं. जो शब्द बोलत नाही, तोही मान फिरवतो, ताट सरकवतो, एखाद्या खोलीत जायला नकार देतो. हेही म्हणणंच आहे.

आपला २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदाही इथवर आला आहे. त्यातल्या पालकत्वाच्या तरतुदीनुसार पालक नेमायचा तो ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता, आणि त्याने वागायचं ते त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. याच कायद्याच्या व्याख्येत सांकेतिक भाषा, ब्रेल, सोपी भाषा आणि तक्त्यांसारखे पर्यायी मार्ग हे सगळं 'संवाद' या शब्दात धरलं आहे.

७. शाबासकीचा त्रास

कुणी आपल्या तोंडाने बोलायला लागलं की आपण ऐकतो काय? बहुधा एकच गोष्ट: 'अपंगत्वावर मात'. आपल्या वृत्तपत्रांना या मथळ्याचा कंटाळा कसा येत नाही, हे एक कोडंच आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ च्या एका भाषणात यावर नेमकं बोट ठेवलं होतं. काही विशेष न करताही आपल्याला पुरस्कार द्यायला लोक निघतात, कारण त्यांना आपलं म्हणणं नको असतं, स्वतःसाठी स्फूर्ती हवी असते, असं त्यांचं सांगणं होतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लोक स्फूर्तीसाठी वाचतात. ते तसं वाचायला हरकत नाही. पण कोल्हापुरात त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली ती जिने, शौचालयं, शिक्षण, रोजगार या रोकड्या प्रश्नांसाठी. मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. एका करंगळीने टंकून त्यांनी आत्मकथन लिहिलं. त्यात फक्त जिद्द नाही. एकटेपणा आहे, मैत्रीची आणि प्रेमाची ओढ आहे आणि चिडचिडही आहे. आणि सोनाली नवांगुळ. लहानपणी झालेल्या मणक्याच्या इजेपासून त्या व्हीलचेअरवर आहेत. त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तो सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या मराठी अनुवादासाठी. कादंबरी आहे तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांच्या आयुष्याची. दिव्यांग माणसाने दिव्यांगत्वावरच बोलावं हीसुद्धा एक सक्तीच आहे, आणि हे पुस्तक ती सरळ मोडतं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर चित्रपटांतल्या दिव्यांगांच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिव्यांगांच्या आयुष्यातून येणारा विनोद वेगळा आणि त्यांना कमी लेखणारा विनोद वेगळा, हा फरक न्यायालयाने केला. अशा पात्रांबद्दल लिहिताना त्या माणसांना सोबत घ्या, हेही सांगितलं.

८. ग्रामसभेपर्यंत

दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मंजूर केला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे की दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी, त्यांच्या संघटनांमार्फत, जवळून सल्लामसलत केली पाहिजे. हे न्यूयॉर्कला लिहिलं गेलं. आपल्या गावात ते कसं उतरतं?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समजा ग्रामपंचायतीचं उत्पन्न दहा लाख आहे. मग हे झाले पन्नास हजार. बऱ्याच ठिकाणी ही रक्कम नोंद असलेल्या दिव्यांगांत वाटून टाकली जाते. वीस जण असतील तर प्रत्येकी अडीच हजार रुपये आणि एक फोटो. वाटप वाईट आहे असं नाही. पण त्या वीस जणांना कधी कुणी विचारलं का, की अडीच हजार हवेत, की दवाखान्याच्या पायरीला उतरण हवी, की आशाताईंना सांकेतिक भाषेतले शंभर शब्द शिकवायला कुणी हवं? त्यांचं उत्तर 'पैसेच द्या' असंही येईल. आलं तर द्यावेत. पण ते उत्तर त्यांचं असलं पाहिजे.

तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांमध्ये दिव्यांगांची नेमणूक करण्याची सोय केली. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. ग्रामसभा तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतच असतात. सभा वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली घ्यायला लावा. ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याचा मुद्दा लेखी घ्या आणि तो त्याच्या नावाने, त्याच्या समोर वाचा. कर्णबधिर गावकरी असेल तर जवळच्या कर्णबधिर शाळेतल्या शिक्षकाला दुभाषा म्हणून बोलवा. ५ टक्के निधीचा विषय निघाला की पहिला बोलायचा हक्क ज्यांचा तो पैसा आहे त्यांचा, असा ठरावच करून घ्या. आणि विषयपत्रिका आठ दिवस आधी घरपोच मिळावी असा अर्ज याच आठवड्यात ग्रामपंचायतीत द्या. अर्जावर सही दिव्यांग गावकऱ्याची घ्या, अंगठा असला तरी चालेल.